आजींना उठता येईल का, हे हिब्रूत विचारताना

इस्रायलमधल्या अश्दोद शहरात एका वयोवृद्ध आजींच्या सेवेसाठी रुजू झाले, तेव्हा मला सर्वांत आधी ‘उठता येईल का’, ‘चार पावले चालता येईल का’ एवढे विचारण्यापुरते हिब्रू हवे होते. कारण आधार किती द्यायचा, हे त्या उत्तरावरच ठरते. शेजारच्या बेने इस्रायल, म्हणजे मूळच्या कोकणातल्या ज्यू, कुटुंबातील मावशी घरात मराठी बोलत. त्यांनी मला पहिले वाक्य दिले : ‘आत येखोला लाकुम?’ म्हणजे ‘तू उठू शकतेस का?’ पुरुषाला हेच ‘अता याखोल लाकुम?’ असे विचारतात. ‘शकतो’ आणि ‘शकते’ हा भेद आपण मराठीत लहानपणापासून करतो, त्यामुळे तो लवकर अंगवळणी पडला. पुढे केवळ शेवटचा शब्द बदलायचा : चालण्यासाठी ‘लालेखेत’, बसण्यासाठी ‘लाशेवेत’, पिण्यासाठी ‘लिश्तोत’. प्रश्नासाठी वेगळा शब्द लागत नाही, आवाज चढवला की पुरते. ‘ख’ मात्र आपल्या ‘खडू’तला नव्हे, तो घशात घासून काढावा लागतो. शिकलेल्या कौशल्याविषयी विचारायचे असेल, तर ‘आत योदाअत लेवाशेल?’ म्हणजे ‘तुला स्वयंपाक येतो का?’ असे म्हणतात.

आजींना ‘आत’, म्हणजे ‘तू’, म्हणणे मला फार जड गेले. हिब्रूच्या रोजच्या बोलण्यात ‘तुम्ही’, ‘आपण’ असे आदरार्थी सर्वनाम एका व्यक्तीसाठी नाही. मावशींनी तेव्हा ‘तूखलि लाकुम?’ हे भविष्यकाळी रूप सुचवले. ते ‘उठणे जमेल का?’ इतके मऊ वाटते आणि मी आजही तेच वापरते.

खरे शिक्षण उत्तरे ऐकताना झाले. आजी ‘लो येखोला’, म्हणजे ‘नाही जमत’, असे क्वचितच म्हणतात. त्या ‘काशे ली’ म्हणाल्या, तर उठणे कठीण जाते आहे, पण प्रयत्नाची तयारी आहे. अशा वेळी मी कोपराखाली हात देऊन थांबते. ‘एन ली कोआख’ म्हणाल्या, तर अंगात त्राणच नाही. मग उठवण्याचा आग्रह न धरता आधी पाणी देते आणि बसू देते. हा फरक प्रत्येक नव्या सेविकेला पहिल्याच आठवड्यात कळायला हवा, असे मला मनापासून वाटते.

साप्ताहिक सुटीनंतर परतल्यावर मी त्यांच्या मुलीला ‘हि हित्स्लिखा लाकुम लेवाद?’ असे विचारते. प्रत्यक्षात जमले का, हे विचारायला बोलण्यात ‘येखोला’पेक्षा ‘हित्स्लिखा’ सहज येते; ‘लेवाद’ म्हणजे एकटीने.