ट्यून केलेली पोलो जीटी टीएसआय रोज चालवताना

फोक्सवॅगनची पोलो जीटी टीएसआय ट्यून केली, म्हणजे सॉफ्टवेअर बदलून इंजिनाची ताकद वाढवली, की पहिला प्रश्न येतो, किती बीएचपी वाढले? खरी मेख गिअरबॉक्सची आहे. १.२ लिटरच्या गाडीत कंपनीतून टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) १७५ न्यूटन-मीटर येतो आणि सात गिअरच्या ड्राय क्लच डीएसजीची (कोरड्या, तेलात न बुडलेल्या दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची) मर्यादा २५०. त्यापुढचा मॅप (ट्यूनची सेटिंग) कुणी कितीही गळ घातली तरी घेऊ नका. ट्रॅफिकमध्ये गाडी मुंगीच्या पावलांनी सरकवत राहिलात, तर क्लच अर्धवट टेकून घासतो, तापतो. पुढे गाडीभर जागा होऊ द्या, मग ब्रेक सोडा. थांबल्यावर ब्रेक घट्ट दाबून धरा, म्हणजे क्लच पूर्ण सुटतो.

मॅप ९५ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेला असेल तर ९१ भरू नका. नॉकिंग (पेट्रोल अवेळी पेटून इंजिनात ठोके पडणं) सुरू होतं, ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो, आणि पैसे मोजून घेतलेली ताकद जाते. ऑइल १५,००० ऐवजी ७,५०० किमीला बदला. घाट जोरात चढून आल्यावर मिनिटभर इंजिन चालू ठेवा. लगेच बंद केलं तर टर्बोच्या (इंजिनात जास्त हवा कोंबणाऱ्या पंख्याच्या) बेअरिंगमध्ये ऑइल जळून काळं कीट बसतं.

सर्व्हिसला देताना जॉबकार्डवर ‘सॉफ्टवेअर अपडेट करू नये’ असं लिहून घ्या, नाहीतर ट्यून पुसला जाऊ शकतो. कंपनीच्या मूळ सॉफ्टवेअरची फाइलही ट्यूनरकडून मागून ठेवा.