ट्राउट मिळाली, फुगा मिळेना

हिमाचलातल्या तीर्थन नदीत ट्राउट (थंड, वाहत्या पाण्यातला मासा) धरायची तर खोटी माशी फेकायचा खास फ्लाय-रॉडच हवा, असं कुणी सांगितलं तर ऐकून घ्या आणि सोडून द्या. आपण पवनेवर वापरतो तो स्पिनिंगचा हलका रॉड, २००० नंबरचं रीळ आणि चार ते सहा पौंड ताण सोसणारं तंगूस, म्हणजे नायलॉनची बारीक दोरी, एवढ्यावर काम होतं. मी त्याच्यावरच केलं.

अडचण असते ती फेकण्याची. फ्लाय म्हणजे गळावर पिसं आणि दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी. तिला वजनच नसतं. फ्लाय-रॉडवाले जाड दोरीच्या वजनावर ती लांब पोचवतात. आपल्या बारीक तंगुसावर नुसती माशी बांधून फेकली तर ती आपल्याच बुटापाशी पडते. यावर उपाय बबल फ्लोट. लिंबाएवढा, पारदर्शक, आतून पोकळ फुगा, त्याला बूच. बूच काढून आत पाणी भरलं की फेकण्यापुरतं वजन येतं, आणि काचेसारखा असल्याने मासा बुजत नाही.

आता या फुग्याची कथा. पुण्यातल्या दुकानात गेलो तर समोर लाल-पांढरे फ्लोट ठेवले. म्हटलं, पाणी भरायचा हवा. दुकानदाराने अशा नजरेने पाहिलं की मीच ओशाळलो. मग ऑनलाइन मागवला. फोटोत अगदी हवा तोच, बुचासकट. खोक्यातून निघाला भरीव थर्माकोलचा. परत केला, पुन्हा मागवला, या वेळी पारदर्शक आला खरा, पण चहूबाजूंनी सीलबंद. कस्टमर केअरला फोन लावला. गाणं ऐकवून झाल्यावर एक मुलगा आला. त्याला म्हटलं, याच्यात पाणी जात नाहीये. तो अभिमानाने म्हणाला, "सर, हमारा फ्लोट पूरा वॉटरप्रूफ है." मी म्हटलं, अरे, तीच तर तक्रार आहे! त्याने मला होल्डवर टाकलं. पाणी आत शिरायला हवं, ही तक्रार त्यांच्या यादीत बसेना. "प्रॉडक्ट खराब", "रंग वेगळा", "साइज चुकीची" यांतलं काहीतरी निवडा म्हणे. मी रंग वेगळा निवडलं. मग फोटो पाठवा, मग खोक्याचा फोटो पाठवा, मग "आपकी रिक्वेस्ट प्रोसेस में है". तोवर तीर्थन खोऱ्यातल्या बंजारच्या गाडीत बसायची वेळ झाली आणि मी फुग्याविनाच निघालो. त्या पैशांची रिक्वेस्ट अजून प्रोसेसमध्येच आहे. रेटिंग द्या म्हणून मेसेज मात्र नेमाने येतात.

मासेमारीचा परवाना सुखाने मिळाला, त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. फक्त नदीवर जाताना तो खिशात ठेवा.

तीर्थनकाठच्या गुशैणी गावात होमस्टेच्या मालकांपाशी हे रडगाणं गायलो. ते आत गेले आणि कपाटाचा खण उपसून एक पिवळट पडलेला बबल फ्लोट घेऊन आले. बूच हरवलेलं, त्या जागी लाकडाची खुंटी. कुल्लूत इंग्रजांनी १९०९ मध्ये ट्राउट आणून सोडली, तेव्हापासून इथे गळवाले येतायत आणि सामान विसरून जातायत! तेव्हा पहिली सूचना हीच: काहीही मागवण्याआधी होमस्टेला फोन करा.

बांधणी अशी. तंगूस फुग्याच्या नळीतून ओवायचं, खाली छोटी भिंगरी (स्विव्हल, म्हणजे फिरती कडी) बांधायची म्हणजे फुगा तिथे अडतो, आणि भिंगरीला चारेक फूट आणखी बारीक तंगूस, टोकाला माशी. फुगा काठोकाठ भरू नका, बुडतो. फेकताना झटका नको, कडेने झोका द्यायचा. फुगा पाण्यावर टेकण्याच्या क्षणभर आधी रिळाच्या कडेला बोट लावायचं. फुगा थबकतो, माशी पुढे जाऊन पडते आणि दोरी सरळ होते. हे बोट लावलं नाही तर माशी फुग्यालाच गुंडाळली जाते आणि पुढची पंधरा मिनिटं गाठ सोडण्यात जातात.

हे सगळं डोहात. तीर्थन बहुतेक ठिकाणी धोंड्यांमधून उड्या मारत जाते, तिथे फुगा वाहून जातो. तिथे माशीच्या हातभर वर शिशाचे दोन बारीक मणी चिमटायचे आणि फेझंट टेल निम्फ (पाण्याखालच्या किड्यासारखी दिसणारी माशी) धोंड्यामागच्या शांत पाण्यात सोडायची. ट्राउट प्रवाहाकडे तोंड करून तिथेच दबा धरून असते, म्हणून आपण खालच्या अंगाने जायचं. माझी ब्राउन ट्राउट अशीच लागली, फुग्याशिवाय. अंगावर लाल ठिपके, प्रत्येकाभोवती फिकट कडं. मी काठावर एकटाच मोठ्याने ओरडलो.

धरलेली ट्राउट परत सोडायची असेल तर आधी हात ओले करा आणि गळाच्या टोकाजवळचा उलटा काटा घरूनच पकडीने दाबून न्या.

आणि हो, नोव्हेंबर ते फेब्रुवारी ट्राउट धरायला बंदी असते. मे-जूनमध्ये बर्फाचं पाणी गढूळ, पुढे पावसाळा. मार्च-एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबरचं तिकीट काढा. चंदीगडहून येताना औटच्या बोगद्यात शिरायचं नाही, त्याच्या आधीच बंजारचा फाटा फुटतो.