६४ व्या ओळीचा गुंता सुटला!

झेडएक्स स्पेक्ट्रम या ऐंशीच्या दशकातल्या घरगुती संगणकासाठी मी चित्रं काढायचा प्रोग्राम लिहितोय. त्याच्या फिलमधला, म्हणजे बंद जागेत रंग ओतणाऱ्या भागातला, तीन रविवार खाणारा बग काल रात्री सापडला.

मागच्या वेळी दीपमाळेचं चित्र दाखवलं होतं. आकाशात रंग ओतला की पाठोपाठ खालची जमीनही भरायची. पडद्याच्या ओळी वरून खाली ० ते १९१; जमिनीची रेघ ११२ व्या ओळीवर, सलग. मॅग्निफाय करून या टोकापासून त्या टोकापर्यंत तपासली, एक पिक्सेल सुटलेला नाही. मग स्टॅकवर (भरायच्या राहिलेल्या जागा साठवतात तिथे) संशय आला, अख्खा फिल नव्याने लिहिला. तरी तेच.

शेवटी फिल बाजूला ठेवला आणि १९१ पासून वर नुसती उभी रेघ काढली. १२८ पर्यंत नीट गेली आणि पुढचा ठिपका थेट १९१ वर! तिथून पुन्हा वर, पुन्हा खाली.

पडद्याचे ६४-६४ ओळींचे तीन भाग आपल्याला पाठ आहेत. ओळीचा पत्ता एच (वरचा बाइट) आणि एल (खालचा बाइट) या दोन रजिस्टरमध्ये असतो. वर चढताना एच एकाने कमी करायचा; आठ ओळींचा गट ओलांडला की एलमधून ३२ वजा करायचे. कॅरी (वजाबाकीत उसनं घ्यावं लागल्याची खूण, म्हणजे एक फ्लॅग) लागला तर भाग ओलांडला, तिथूनच परतायचं. नाही तर एचमध्ये ८ मिळवायचे. हे सगळं बरोबर होतं. पण अ‍ॅट्रिब्यूटसाठी (रंगाच्या नोंदीसाठी) रकाना हवा म्हणून वजाबाकी आणि कॅरीची तपासणी यांच्यामध्ये मी 'अँड ३१' घातलं होतं. स्पेक्ट्रमच्या झेड८० प्रोसेसरमध्ये अँड केलं की कॅरी पुसला जातो! म्हणून ६४ वरून ६३ ऐवजी १२७, म्हणजे नेमकी जमिनीत उडी. तो एक हुकूम तपासणीच्या खाली सरकवला आणि आकाश जिथल्या तिथे थांबलं. पाच वेळा भरून पाहिलं, मन भरेना.

फ्यूज या स्पेक्ट्रम एम्युलेटरच्या डीबगरला सलाम. एकेक हुकूम चालवत फ्लॅग बघितले नसते तर मी अजून स्टॅकच उकरत बसलो असतो.

खऱ्या मशीनवरची चाचणी मात्र लांबली. पुण्यात जुळणी झालेल्या माझ्या डीबी स्पेक्ट्रमसाठी मागवलेल्या कीबोर्डच्या मेंब्रेनची (कळांखालच्या पातळ पडद्याची) रिबन बसवतानाच तडकली. आता दुसरीकडून मागवलाय. स्वस्तातला मेंब्रेन घेऊ नका.

पुढे टेक्श्चर फिल (नक्षीने भरणं) घेणार होतो. त्यात १९८५ चा 'आर्ट स्टुडिओ' हा स्पेक्ट्रमवरचा चित्रकलेचा प्रोग्राम अजूनही माझ्यासाठी मापदंड आहे. पण हे लिहिता लिहिता वाटतंय, वर-खालीचं गणित हवंच कशाला? १९२ ओळींचे पत्ते टेबलात ठेवले तर ३८४ बाइट लागतील. लो बाइट २५६ बाइटच्या एका पानात, हाय बाइट लगेच पुढच्या पानात. एक 'इन्क एच' (एच एकाने वाढवणं) केलं की काम झालं. टेक्श्चर थांबू दे, आज रात्री टेबलच बांधतो.