मतदार नोंदणीचे टेबल आणि पक्षाचा झेंडा

इंदूरमधील ज्या महाविद्यालयात मी शिकवते, तेथे विद्यार्थी संघटनांच्या परिसरातील कार्यक्रमांसाठी नवी नियमावली तयार होत आहे आणि ती करणाऱ्या समितीत माझाही समावेश आहे. पहिल्याच मसुद्यात ‘महाविद्यालयाच्या परिसरात कोणत्याही प्रकारच्या राजकीय हालचालींस मनाई राहील’ असे एक कलम होते. ते तसेच राहू नये यासाठी मी आग्रह धरला आहे, कारण त्यात विद्यार्थी संघाची निवडणूक, राजकीय पक्षांचा प्रचार आणि मतदार यादीत नाव नोंदवणे या तीन निरनिराळ्या गोष्टी एकत्र कोंबल्या गेल्या आहेत. तिन्हींना एकच नियम लावला की पहिला फटका नाव नोंदणीला बसतो, कारण तिच्या बाजूने ओरडणारी संघटना कोणतीच नसते.

मनाईमागची भीती निराधार आहे असे मात्र मी म्हणणार नाही. ऑगस्ट २००६ मध्ये उज्जैनच्या माधव महाविद्यालयात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून झालेल्या हिंसाचारात प्राध्यापक एच. एस. सभरवाल यांचा मृत्यू झाला आणि माळव्यातील शिक्षकवर्ग ती घटना आजही विसरलेला नाही. पुढच्याच महिन्यात, २२ सप्टेंबर २००६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी संघांच्या निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू करण्याचा आदेश दिला. माजी मुख्य निवडणूक आयुक्त जे. एम. लिंगडोह यांच्या त्या अहवालाचा आधार आपल्याकडे बंदीसाठी घेतला जातो, पण तो वाचला तर निराळेच चित्र दिसते. निवडणुका घ्याव्यात आणि त्या ठरलेल्या मुदतीत घ्याव्यात असे समिती सांगते. परिस्थिती अनुकूल नसेल तेथे निवडणुकीऐवजी नामनिर्देशनाची, म्हणजे प्रतिनिधी नेमण्याची, पद्धत चालेल, पण ती तात्पुरतीच, असेही सांगते. उमेदवाराचा खर्च ५,००० रुपयांपर्यंत असावा, छापील भित्तिपत्रकांऐवजी हाताने केलेलीच वापरावीत आणि तीही आधी जाहीर केलेल्या जागीच लावावीत, उमेदवाराची उपस्थिती किमान ७५ टक्के असावी, निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब द्यावा, अशा नेमक्या अटी त्यात आहेत. पक्षांपासून अंतर राखण्यासाठीचा उपायही तितकाच नेमका आहे : निवडणुकीच्या काळात त्या संस्थेच्या पटावर नसलेल्या कोणालाही प्रक्रियेत भाग घेता येणार नाही. म्हणजे रोख आहे तो बाहेरच्या माणसांवर आणि पैशावर. विद्यार्थ्याने राजकीय मत बाळगू नये किंवा ते चर्चेत मांडू नये, असे अहवाल कोठेही म्हणत नाही.

मध्य प्रदेशात २०१७ मध्ये महाविद्यालयीन निवडणुका झाल्या त्या अप्रत्यक्ष पद्धतीने, वर्गप्रतिनिधींमार्फत. त्यावर स्वतंत्रपणे लिहिता येईल. मला आज नोंदणीबद्दलच बोलायचे आहे.

एकसष्टाव्या घटनादुरुस्तीने १९८९ पासून मतदानाचे वय एकवीसवरून अठरावर आले, त्यामुळे प्रथम वर्षाला येणारा विद्यार्थी बहुधा मतदार होण्याच्या उंबरठ्यावरच असतो. पूर्वी १ जानेवारी ही एकच पात्रता तारीख होती आणि फेब्रुवारीत अठरा पूर्ण करणाऱ्याला जवळजवळ वर्षभर थांबावे लागे. २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा झाल्या असून सतरा वर्षे पूर्ण झालेल्यांना आगाऊ अर्जही करता येतो. ही सोय महाविद्यालयातच सांगितली गेली नाही, तर ती मुलांपर्यंत पोहोचणार तरी कोठे?

आमच्याकडे वसतिगृहात राहणाऱ्या मुली खंडवा, खरगोन, बऱ्हाणपूर आणि थेट जळगावहूनही येतात. त्यांपैकी बऱ्हाणपूरच्या एका मराठी मुलीला इंदूरमध्येच नाव नोंदवायचे होते, कारण मतदान परीक्षेच्या आसपास आले तर घरी जाणे तिला जमणार नव्हते. शिक्षणासाठी बाहेर राहणाऱ्या विद्यार्थ्याला आईवडिलांच्या पत्त्यावर किंवा वसतिगृहाच्या पत्त्यावर, यांपैकी कोठेही नोंदणी करता येते. अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्षाचा असावा लागतो आणि वसतिगृहाचा पत्ता द्यायचा असेल, तर नमुना ६, म्हणजे नव्या मतदाराच्या नोंदणीचा अर्ज, यासोबत संस्थाप्रमुखांचे बोनाफाइड प्रमाणपत्र जोडावे लागते. ती कार्यालयाच्या खिडकीशी गेली, तेव्हा तिला विचारण्यात आले, “हे कोणत्या पक्षासाठी चालले आहे?” ती परत आली आणि मला म्हणाली, “मॅडम, राहू द्या. बाबाही म्हणतात, नाव घरीच बरे.” घरचा पत्ता निवडणे हा तिचा हक्क होता, पण खिडकीवरच्या प्रश्नाला घाबरून तो निवडावा लागणे मला पटणारे नाही. ‘राजकीय हालचालींस मनाई’ असे मोघम लिहिले की लिपिकाला मतदार नोंदणीसुद्धा राजकारण वाटू लागते, आणि त्यात त्याचा दोष थोडाच असतो.

दुसरी बाजूही मी डोळ्यांनी पाहिली आहे. फाटकाशी नोंदणीचे टेबल लावलेल्या एका संघटनेच्या कार्यकर्त्यांकडे एक जाड वही होती आणि अर्ज हाती देण्याआधी ते प्रत्येकाचे नाव, शाखा, मोबाइल क्रमांक आणि राहण्याचे ठिकाण तीत लिहून घेत होते. भरलेले अर्जही तेच गोळा करत होते. एका व्यक्तीने किंवा संस्थेने गठ्ठ्याने आणलेले अर्ज निवडणूक यंत्रणा सर्वसाधारणपणे स्वीकारत नाही. पक्षांच्या मतदान केंद्रस्तरीय प्रतिनिधींनाही दिवसाला ठरावीकच अर्ज देता येतात. ज्यांचे नाव गावाकडच्या यादीत आधीच होते, अशांकडूनही तेथे नमुना ६ भरून घेतला जात होता. वास्तविक स्थलांतरासाठी नमुना ८ आहे, एकाच वेळी दोन मतदारसंघांत नाव ठेवण्यास १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम १७ ने मनाई केली आहे आणि अर्जातील खोट्या निवेदनाला कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कारावासाची शिक्षा आहे. अर्जावर सही विद्यार्थ्याची असते, त्यामुळे उद्या प्रश्न उद्भवला तर उत्तर त्यालाच द्यावे लागेल, वहीवाल्यांना नव्हे.

म्हणून मी नोंदणीचे कलम वेगळे लिहून दिले आहे. टेबल महाविद्यालयाच्या मतदार साक्षरता मंडळाचे असेल. कोणत्याही संघटनेचे विद्यार्थी तेथे मदतीला बसू शकतील, पण बिल्ला, उपरणे आणि झेंडा बाहेर ठेवून. अर्ज विद्यार्थी स्वतः ऑनलाइन भरेल किंवा बीएलओच्या, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याच्या, हाती देईल, आणि टेबलावर कोणाचाही क्रमांक लिहून घेतला जाणार नाही. बोनाफाइड प्रमाणपत्र कारण न विचारता तीन दिवसांत मिळेल.

संघटनांच्या सभा आणि चर्चांसाठी निराळे कलम आहे. सभागृह मागेल त्याला अर्जाच्या क्रमाने, सर्वांना एकाच शुल्कात मिळेल. तासिकांच्या वेळेत ध्वनिक्षेपक चालणार नाही. बाहेरचा वक्ता बोलवायचा असेल, तर आठवडाभर आधी कळवावे लागेल. विधानसभेची किंवा लोकसभेची आचारसंहिता लागू असताना निवडणूक अधिकाऱ्यांच्या सूचना या कलमाच्या वर राहतील. परवानगी नाकारली, तर कारण लेखी द्यावे लागेल आणि त्याविरुद्ध तक्रार निवारण कक्षाकडे दाद मागता येईल. या कक्षात लिंगडोह समितीने सुचवल्याप्रमाणे अंतिम वर्षाचा एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी असावी, असेही मी मसुद्यात लिहिले आहे. समितीतील काही सहकाऱ्यांचा विरोध नेमका या शेवटच्या अटीला आहे आणि पुढच्या बैठकीत त्यावरच चर्चा होणार आहे.