तुम्ही विचारलंत म्हणून: ऑर्गॅझमला आपल्याकडे काय म्हणायचं?

काकू, ऑर्गॅझमला मराठीत शब्द काय? बडोद्याच्या दांडिया बाजारात भाजी घेताना हे कोणी विचारत नाही, व्हॉट्सॲपवर विचारतात, तेही रात्री उशिरा, आणि विचारणाऱ्या बहुतेक लग्न झालेल्या मुली. मी संस्कृत शिकवायचे एवढाच माझा अधिकार. इथे सयाजीरावांनी आठ भाषांतला शब्दकल्पतरू हा कोश काढून ठेवलाय, पण तो राज्यकारभाराचा, त्यात हे शोधायला जाऊ नका.

शब्द आहेत की. कामपूर्ती, परमोच्च सुख, परमोच्च बिंदू. इथे गुजरातीत पराकाष्ठा, चरमसीमा. वाचताना मला तर पावागढ चढतोय असं वाटतं! आणि पराकाष्ठेतली काष्ठा म्हणजे लाकूड नाही हं, काष्ठा म्हणजे हद्द, कठोपनिषदात ‘सा काष्ठा सा परा गतिः’ आहे, तिथे विषय अर्थातच वेगळा. इंग्रजीतला क्लायमॅक्सही तसलाच, मूळ ग्रीकमध्ये त्याचा अर्थ शिडी. म्हणजे जिथे तिथे चढा आणि पोचा, आणि जी पोचली नाही ती नापास, हे मला पटत नाही.

ऑर्गॅझमचं मूळ मात्र छान आहे. ग्रीकमध्ये एक क्रियापद आहे, फुगणं, रसानं भरणं. ओलाव्यानं तयार झालेल्या जमिनीला तेच, पिकत आलेल्या फळाला तेच आणि जनावराच्या माजालाही तेच. आपल्याकडे जमिनीला वाफसा येतो, आंबा पाडाला येतो, म्हैस माजावर येते, त्यांनी एकातच भागवलं. सतराव्या शतकात शब्द इंग्रजीत आला तेव्हा कुठल्याही जोरदार आवेगाला चालायचा, अगदी रागालासुद्धा, मग हळूहळू बाकीचे अर्थ गळाले नि हा एकच उरला. शरीराचा ऑर्गन वेगळा बरं का, तो ‘काम’, ‘अवजार’ या अर्थाच्या शब्दातून आलाय, उगाच नातं लावू नका.

आता आपलं. कामसूत्रात रतीचे, म्हणजे कामसुखाचे, पर्याय दिलेत: रस, रति, प्रीति, भाव, राग, वेग, समाप्ति. सातांत शेवट सांगणारा शब्द एकच, समाप्ति, तोही शेवटी, मला हे फार आवडतं. तिथेच वाद पण आहे. औद्दालकी हा वात्स्यायनाच्या आधीचा आचार्य म्हणतो, बाईला पुरुषासारखा भाव मिळत नाही. बाभ्रव्य हाही तसाच जुना आचार्य, त्याचे अनुयायी म्हणतात तिला तो सुरुवातीपासून सतत मिळतो, पुरुषाला मात्र शेवटीच. वात्स्यायनाचं मत, सुख दोघांचं सारखंच, आणि म्हणून बाईशी असं वागावं की रति आधी तिला मिळेल. आधी तिला! हे वाक्य मी पुष्कळ जणींना फॉरवर्ड केलंय, काहींनी ते नवऱ्याला केलं, पुढचं मी विचारलं नाही.

मराठीत र. धों. कर्वे 1927 पासून 1953 पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवून बाईच्या कामसुखाबद्दल उघड लिहीत होते, कोर्टात खेचले गेले तरी. तरीही घरात बोलायचा शब्द काही रुळला नाही. पुरुषाचं ‘झालं’ असं म्हणतात, बाईचं कोणी विचारतच नाही तर शब्द कुठून येणार.

मी काय वापरीन? लेखात कामतृप्ती. बेडरूममध्ये सरळ ऑर्गॅझम म्हणा, टेबल म्हणतो तसं. आणि नवऱ्याला तो शब्द अवघड वाटला तर ‘माझं अजून व्हायचंय’ एवढं म्हटलं तरी कळतं त्याला, न कळल्यासारखं करत असेल तर मात्र ते मराठीचं काम नाही.