शेजारच्या बाई म्हणाल्या, सॉरी अबाउट द रॅकेट

इंग्लंडमधल्या लीड्सला राहायला आलो त्या पहिल्याच आठवड्यातली गोष्ट. सकाळी बेल वाजली, दारात शेजारच्या बाई, सत्तरीच्या असतील, कपड्यांवर सगळी पांढरी धूळ, आणि म्हणाल्या, "सॉरी अबाउट द रॅकेट, लव्ह." लव्हचं काही नाही, इथे यॉर्कशर भागात कुणीही कुणालाही लव्ह म्हणतं, भाजीवाला आपल्याला ताई म्हणतो तितक्या सहज. मी अडकले ते रॅकेटवर. हा शब्द मला चांगला माहीत होता की, लहानपणापासून पेपरात वाचत आले, किडनी रॅकेट उघडकीस, बनावट नोटांचं रॅकेट, मुख्य सूत्रधार फरार. नाहीतर मग बॅडमिंटनची रॅकेट. आता या बाई सकाळी साडेआठला माझ्या दारात येऊन कसल्या रॅकेटची माफी मागतायत? तेवढ्यात भिंतीत ड्रिल सुरू झालं, आमच्या मांडणीतल्या वाट्या थरथरायला लागल्या, बाईंनी कानावर हात ठेवून दाखवले आणि मला उलगडा झाला. त्यांच्या किचनचं काम निघालं होतं.

इथे टेरेस हाऊस म्हणजे गच्चीवालं घर नाही बरं का, विटांची घरं एका ओळीत एकमेकांना चिकटून असतात आणि दोन घरांच्या मधे भिंत एकच. पलीकडे कपाटाचं दार लागलं तरी इकडे कळतं. त्यामुळे हा शब्द वारंवार कानावर येतो, आणि मी त्याच्या मागेच लागले.

रॅकेट म्हणजे मोठा, नकोसा, डोकं उठवणारा आवाज. आपला गोंगाट जवळचा, पण गोंगाट बहुतेक माणसांचा असतो, रॅकेट कशाचंही चालतं. वॉशिंग मशीन शेवटी जोरात फिरायला लागलं की रॅकेट, पहाटे छपरावर मॅगपाय पक्षी भांडायला लागले की रॅकेट, वरच्या खोलीत पोरं उड्या मारतायत तर खालून आई ओरडणार, "व्हॉट्स ऑल दॅट रॅकेट?" आपल्याकडे कसं, "काय दंगा लावलाय रे?" अगदी तेच. रॅकेट करतात, म्हणजे मेक अ रॅकेट. ढग गडगडले तर त्याला मात्र सहसा कुणी रॅकेट म्हणत नाही. कुणीतरी तो आवाज करतंय आणि तो थांबवता येईल, असं त्यात गृहीत धरलेलं असतं असं मला वाटतं.

मग आपल्या पेपरातलं रॅकेट कुठून आलं? शब्द तोच. गोंगाट हा अर्थ सोळाव्या शतकापासूनचा, बहुधा आवाजाच्या नकलेवरूनच झालेला, आपले खडखडाट, दणदणाट कसे झाले तसाच. फसवणुकीचा धंदा हा अर्थ एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला चोरांच्या बोलीत आला, मग 1920च्या दशकात शिकागोच्या गुंडांमुळे रॅकेटियर शब्द झाला, आणि 1970 साली अमेरिकेने संघटित गुन्हेगारीविरुद्ध जो कायदा केला त्याच्या नावातच तो आहे. बॅडमिंटनची रॅकेट मात्र वेगळीच, ती फ्रेंचमधून आली, आणि बरेच जण तिचं मूळ अरबीतल्या तळहाताच्या शब्दापर्यंत नेतात.

शोधता शोधता अजून एक सापडला, डिन. तोही गोंगाटच, पण एकसारखा चालणारा, बाजारातला, कारखान्यातला. या डिनचं नातं संस्कृतातल्या धुनि या शब्दाशी लावतात, धुनि म्हणजे गर्जणारा, खळाळणारा. हे वाचलं तेव्हा मला खरंच भरून आलं, इतक्या लांब येऊन एका तीन अक्षरी इंग्रजी शब्दात आपलं कुणीतरी भेटावं तसं.

इथे आवाजाचे नियम आहेत आणि लोक ते धरून वागतात. इंग्लंडमध्ये 1996चा आवाजाचा कायदा आहे, त्यात रात्र म्हणजे 11 ते सकाळी 7, त्या वेळात शेजाऱ्याचा फार आवाज आला तर कौन्सिलकडे तक्रार करता येते. फटाक्यांनाही रात्री 11 ते सकाळी 7 बंदी. पण 2004च्या नियमांत ठरावीक रात्री सोडल्यात, 5 नोव्हेंबरला, म्हणजे इथल्या फटाक्यांच्या बॉनफायर नाइटला, 12 वाजेपर्यंत, आणि थर्टीफर्स्ट, चिनी नवं वर्ष नि दिवाळी, या तीन रात्री 1 वाजेपर्यंत. हो, दिवाळी, नाव घेऊन! 5 नोव्हेंबरला शेजारच्या बाईंचा कुत्रा जिन्याखाली जाऊन बसतो आणि त्या पडदे ओढून रेडिओ मोठा करतात, त्या रात्रीही त्यांच्या तोंडी हाच शब्द.

तर मग गणपती आले. आमच्याकडे दीड दिवसाचा, इथली चार मराठी घरं आरतीला येणार, झांजा, टाळ, घंटा, पोरांचा मोरया. म्हटलं बाईंना आधी चिठ्ठी टाकावी, त्यांनी ड्रिलचं सांगितलं होतं तसं. कागद घेतला आणि लिहिलं, "शनिवारी संध्याकाळी आमच्याकडे थोडं रॅकेट होईल." शब्द अगदी बरोबर होता, व्याकरणही बरोबर, कुणी चूक काढली नसती. पण माझा हात थांबला. स्वतःच्या ड्रिलला रॅकेट म्हणणं हा बाईंचा चांगुलपणा होता, कारण तो आवाज त्यांनाही नकोच होता. आरतीचा आवाज मला हवा असतो. वर्षभर मी त्याची वाट बघते. त्याला मी स्वतःच्या हाताने नकोसा कसा म्हणू?

तो कागद बाजूला ठेवला. दुसऱ्यावर लिहिलं, शनिवारी आमचा सण आहे, संध्याकाळी सात ते आठ या वेळात गाणी आणि घंटा असतील, त्रास झाला तर दार वाजवा, नाहीतर प्रसादाला या. घडी करून त्यांच्या दारातल्या पत्राच्या फटीतून आत सरकवला.

शनिवारी सात वाजता घालीन लोटांगणच्या आधीच दार वाजलं. बाई होत्या, हातात केकचा डबा, पायातले बूट दाराबाहेरच काढलेले. आत येऊन भिंतीपाशी खुर्चीत बसल्या, माझ्या मुलाने त्यांच्या हातात छोटी घंटा दिली, आणि त्यांनी ती शेवटपर्यंत खाली ठेवली नाही.