उजवी बाही लांब नव्हतीच

लग्नसराईतल्या एका शनिवारी दुपारी साधारण पंचावन्न वर्षांचे एक गृहस्थ पत्नीसह आमच्या पुण्यातील दुकानात आले. हातातल्या झिपच्या पिशवीवर इटलीतील एक मोठे नाव छापलेले होते आणि आतल्या कोटाच्या उजव्या बाहीला टाचण्या लावलेल्या होत्या. मुंबईच्या ज्या शोरूममधून त्यांनी सूट घेतला होता, तिथल्या विक्रेत्याने बाही अर्धा इंच आखूड करायची खूण करून दिली होती. पण तिथल्या कारागिराला पंधरा दिवस हवे होते आणि यांच्या मुलाच्या लग्नाचे रिसेप्शन आठ दिवसांवर होते. सूटची किंमत मी विचारली नव्हती, ती त्यांनीच सांगितली. अडीच लाख.

नवे सूट मी वर्षाकाठी मोजकेच शिवतो, बाकी सगळे काम ऑल्टरेशनचे. या कामाला प्रतिष्ठा कमी आहे, परंतु नवे शिवणाऱ्याला दुसऱ्याचे काम आतून पाहायला मिळत नाही आणि मला ते रोज मिळते. कोट अंगावर चढवल्यावर मी लगेच टेप लावत नाही. आरशासमोर माणूस श्वास रोखून, छाती काढून उभा राहतो आणि तो पवित्रा रिसेप्शनच्या दहाव्या मिनिटाला सुटतो. म्हणून मी आधी बटण लावायला सांगतो, मग लग्नाची चौकशी करतो आणि गिऱ्हाईक बोलण्यात रमले की मागे जाऊन पाठ पाहतो.

बाही मुळात लांब नसावी ही माझी शंका पाठ पाहताच पक्की झाली. उजव्या खांद्याच्या आतल्या बाजूपासून काखेकडे एक तिरकी घडी उतरत होती, कॉलर डावीकडे मानेपासून अर्धे बोट सुटली होती आणि पुढून पाहिले तर उजवा खिसा डाव्यापेक्षा किंचित खाली दिसत होता. या गृहस्थांचा उजवा खांदाच डाव्यापेक्षा उतरता होता. तसा तो असंख्य लोकांचा असतो, पण स्वतःचा खांदा कोणाला माहीत नसतो. कोट त्या बाजूला खाली बसला होता आणि त्याच्याबरोबर बाहीही. बाही लांब नव्हतीच. विक्रेत्याने फक्त मनगट पाहिले, कारण गिऱ्हाईकही फक्त मनगटच पाहते. अडीच लाखांचा माल विकणाऱ्या माणसाला गिऱ्हाइकाच्या पाठीमागे जाऊन उभे राहायला कोणी शिकवत नाही, याचे मला अजूनही नवल वाटते.

त्याची खूण मानून मी बाही कापली असती तर काय झाले असते, हेही सांगायला हवे. बाहीवरची चारही काजे खरी, म्हणजे उघडणारी होती. खालून अर्धा इंच दुमडला की शेवटचे काज काठाला जाऊन चिकटते आणि एकदा कापलेले काज पुन्हा बुजवता येत नाही. अशा वेळी बाही मुंढ्यातून, म्हणजे खांद्याच्या जोडातून, उसवून वरून कापतात. पण कापड गडद निळे आणि त्यावर फिकट रेघांची मोठी चौकट होती. बाहीवरची आडवी रेघ छातीवरच्या रेघेला पुढून अचूक जुळवलेली होती, ती अर्ध्या इंचाने सरकली असती आणि ते कोणत्याही फोटोत दिसले असते. ज्याने कोणी ती जुळणी केली होती त्याच्याबद्दल मला आदर वाटला. तिथे खरोखर कसब होते.

मी कापसाच्या वॅडिंगची एक पट्टी दुहेरी घडी घालून कोटाच्या आतून उजव्या खांद्यावर सरकवली. तिरकी घडी गेली, कॉलर मानेला टेकली, खिसे एका रेषेत आले आणि बाही अर्ध्या इंचातल्या चार सुतांपैकी तीन सूत वर चढली. उरलेले एक सूत मी मुद्दाम सोडून दिले. वहिनी म्हणाल्या, “अहो, आता वाकडे दिसत नाही तुम्ही.” त्यावर ते हसले आणि इथेच मला थोडा चेव चढला.

त्यांनी विचारले, “मास्तर, माल कसा आहे हो? लेबलवर सुपर १५० लिहिलंय.” मी त्यांना सांगितले की तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा आहे, सुपर १५० म्हणजे तंतू जास्तीत जास्त १६.२५ मायक्रॉनचा. कोट कसा शिवला आहे याच्याशी त्याचा काही संबंध नाही, उलट इतके बारीक कापड लवकर चुरगळते. मग मी छातीजवळचे कापड दोन्ही बाजूंनी चिमटीत धरले, बोटांना वरचे कापड आणि अस्तर यांच्यामध्ये तिसरा थर, म्हणजे कोटाला आकार देणारे कॅनव्हास, वेगळा सरकताना जाणवला आणि मी म्हणालो, “साहेब, पूर्ण कॅनव्हास आहे. असे काम आता फार कमी लोक करतात.”

ही चिमट कुठे घ्यायची हे मी स्वतः कितीतरी पोरांना शिकवले आहे. ती सर्वांत खालच्या काजाच्याही खाली घ्यायची असते. पूर्ण कॅनव्हास खाली काठापर्यंत जाते, पण घोड्याचे केस घातलेले छातीचे कॅनव्हास अर्ध्या कॅनव्हासच्या कोटातही असते, त्यामुळे छाती सगळ्यांची सारखीच बोलते.

रात्री पॅड बसवण्यासाठी मुंढ्याचे अस्तर उसवले आणि टॉर्च मारून आत पाहिले. छातीचा तुकडा वरच्या बटणाच्या थोडा वर संपत होता आणि त्याच्यावर मशिनचे नागमोडी टाके होते. त्याखाली थेट काठापर्यंत कापडाच्या पाठीला पातळ फ्यूजिंग चिकटवलेले होते. पाठीच्या मधल्या शिवणीत माया, म्हणजे आत सोडलेले जादा कापड, जेमतेम अर्धा इंच, म्हणजे चार किलो वजन वाढले तर हा कोट सैल करायला जागाच नाही. आमच्याकडे कारागीर साध्या कोटातही तिथे दीड इंच माया सोडतो.

फ्यूजिंग म्हणजे फसवणूक असे मी म्हणत नाही. उष्णतेने वितळणाऱ्या डिंकाच्या बारीक ठिपक्यांनी आतला आधाराचा थर कापडाला चिकटवायचा ही पद्धत गेल्या शतकाच्या उत्तरार्धात जगभर रुळली, त्यामुळे तयार सूट सामान्य माणसाच्या आवाक्यात आला आणि आजचे चांगले फ्यूजिंग वर्षानुवर्षे टिकते. पण वारंवार ड्रायक्लीन आणि चुकीची वाफ बसली की डिंक जागोजागी सुटतो आणि समोर फोड आल्यासारखे फुगे दिसतात. ते कोणत्याही इस्त्रीने जात नाहीत. हाताने टाचलेल्या कॅनव्हासमध्ये चिकटलेले काहीच नसल्याने सुटण्यासारखेही काही नसते. पंधरा हजारांच्या सूटमध्ये हे फ्यूजिंग मी बघूनही न बघितल्यासारखे केले असते. लेबलवर पूर्ण कॅनव्हास असे कुठेही लिहिलेले नव्हते. ते फक्त मीच म्हणालो होतो.

पॅड मुंढ्याच्या मायेला हाताने टाचले, अस्तर बारीक टाक्यांनी बंद केले आणि माझ्या नव्या कारागिराला इस्त्रीला हात लावू दिला नाही, कारण तो प्रत्येक लॅपलची, म्हणजे कॉलरखाली छातीवर उलटणाऱ्या पट्टीची, घडी पापडासारखी दाबून टाकतो. कोट घ्यायला ते मेहुण्यांना घेऊन आले. बसला मात्र इतका सुंदर, की मेहुणे दोन वेळा भोवती फिरले. तेव्हा हे गृहस्थ त्यांना अभिमानाने म्हणाले, “पूर्ण कॅनव्हास आहे, मास्तरांनी तपासलंय.” मेहुण्यांनीही तसा सूट घ्यायचा विचार बोलून दाखवला आणि दुकानाचे नाव विचारून घेतले.

मी काहीच बोललो नाही. रिसेप्शन चार दिवसांवर असलेल्या वरपित्याला मेहुण्यांसमोर काय सांगणार, असे तेव्हा वाटले. आता वाटते की मला माझी चूक झाकायची होती आणि लग्न हे चांगले निमित्त मिळाले. एवढेच सांगितले की हा कोट सारखा ड्रायक्लीनला देऊ नका, घातल्यावर ब्रश मारून रुंद हँगरवर वारा लागू द्या, इस्त्री लागली तर माझ्याकडे आणा. कारण सांगितले नाही. त्यांनी मजुरीचे साडेचारशे रुपये दिले आणि वर पेढे ठेवले.

पॅन्टची उंची तेवढी मागाहून करायची ठरली होती. ती माझ्याकडेच आहे, काम होऊन घडी घालून ठेवली आहे. येत्या शनिवारी ते न्यायला येतील, बहुधा एकटेच.